मागं तर पडणार नाही ना?

"मॅडम, जावेचा पोरगा इंग्रजीत वाक्यं लिहायलाय, अन् आमची साडेसहा वर्षांची नुसत्या गोष्टी ऐकू लालीय. मागं तर पडणार नाही ना?"

लातुरात पहिलीच्या पोरांनाही क्लास लावतात. तिथं मुलीला घरीच शिकवणाऱ्या आईला ही धास्ती वाटणारच. (ओळखीचे तपशील बदललेत.) ताईंनी गोष्टींच्या पुस्तकांवर बेतलेल्या परदेशी अभ्यासक्रमाचं खोकं मागवलं होतं. रोज किती पानं हेही ठरलेलं. महिन्याभरात पोरगी पुस्तक दिसलं की पळायला लागली.

मी त्यांना माझ्यासमोरच वाचायला लावलं. बर्फात खेळणाऱ्या मुलांची गोष्ट. एक ओळ इंग्रजीत, मग तिचा मराठी अर्थ, मग प्रश्न. मध्येच पोरीनं विचारलं, "स्नो म्हंजे गारा का? मग त्यांची ज्वारी आडवी पडत नाही?" ताई ओशाळल्या. मला तर त्या तासातला सर्वांत हुशार प्रश्न तोच वाटला.

मग मी मराठीतली एक चित्रगोष्ट सलग वाचली आणि म्हटलं, "आता तू सांग बघू." तिनं सगळी सांगितली, वर पदरची एक शेळीही घुसडली. असे बरेच अभ्यासक्रम ज्यांच्या विचारांवर उभे आहेत, त्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांचं म्हणणं हेच: एकदा वाचा, मग मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्या. पाठ छोटे ठेवा, सहाच्या आत रीतसर अभ्यास नको.

म्हणून ताईंना सांगितलं, तुम्हाला न अडखळता, आवडीनं वाचता येईल तेच निवडा. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात. पण नुसतं ऐकून जोडाक्षरं येत नाहीत, त्यांना रोज वेगळी दहा मिनिटं द्या. गणिताला बालभारतीचं पुस्तक पुरे. आणि दोघंही संध्याकाळपर्यंत कामावर असाल, तर सरळ जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला अन् रात्री गोष्टी वाचा. त्यात कमीपणा नाही.

पुढं शाळेत घालायचं ठरलंच, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) तिसरी, पाचवी, आठवीशी समकक्ष पातळ्याही आहेत.

"मग त्या खोक्याचे पैसे पाण्यात गेले म्हणायचे?" इतका वेळ गप्प बसलेल्या वडिलांनी विचारलं.

म्हटलं, चित्रांची पुस्तकं राहू द्या, वेळापत्रक तेवढं काढून टाका.