पहिली चामड्याची बॅग शिवताना

अगं, महागड्या चामड्याला लगेच कात्री लावू नकोस. आधी पुठ्ठ्याची बॅग जोड, खांद्याला अडकव. पट्टा आखूड पडतोय का, ते तिथेच कळतं.

चामडं धारावीत हाताने चाचपून घे. दीड-दोन मिलिमीटर जाडी पुरे.

खरा जीव शिलाईत. भोकं चार-चार मिलिमीटरवर आधीच पाड. मेण लावलेला एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया आरपार. दोरा शिलाईच्या चौपट घे. मशीनची टीप सहजी उसवते, तशी ही शिलाई उसवत नाही. शेवटी दोन-तीन टाके मागे घ्यायचेच! माझ्या पहिल्या बॅगेला ते राहिले आणि भर मंडईत पट्टा सुटला.

कडा पॉलिशपेपरने घासून, किंचित ओल्या करून, जाड कापडाने चमकेपर्यंत चोळ.