आधी दुमड, मग उचल

प्रिय पोरी,

परवा तू विचारलंस, "मी उचलायला गेले की माझा लेक ताठ का होतो? माझ्याकडे यायचंच नसतं का त्याला?"

यायचं असतं गं. पण तू उताण्या लेकराच्या काखेत हात घालून सरळ वर ओढतेस. मान मागे जाते, पाठीची कमान होते, पायांची कात्री होते. त्याला स्पॅस्टिक सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी: मेंदूला इजा झाल्याने स्नायू ताठ राहतात. त्यात झटका बसला की ते आणखी आवळतात. त्यात ना त्याचा हट्ट, ना तुझी माया कमी. आधी दुमड, मग उचल.

शेजारी एक गुडघा टेकून बस. 'आता उचलते हं' असं त्याला सांग. दोन्ही गुडघे वाकवून सावकाश पोटाकडे आण. अडलं तर जोर लावू नकोस; थांब, आवळ सैल होऊ दे. मांड्या फाकवायच्या तर हात मांडीच्या आतून, गुडघ्याच्या वर ठेव. घोटे धरून ओढलेस तर कात्री घट्टच होणार. मग कुशीवर वळव. एक हात खांद्यांमागून, दुसरा मांड्यांखालून. कुशीवरून बसता कर, छातीशी घट्ट घे आणि पायांच्या जोरावर ऊठ. वळायचं ते पावलं टाकून, कंबर पिळून नाही.

लंगोट बदलतानाही तेच. घोटे धरून कुल्ले उचलू नकोस. दुमड आणि लोळव. आणि हे जमिनीवर कशाला करतेस? दिवाणावर कर. उताणा निजला की सोलापुरी चादरीची गुंडाळी गुडघ्यांखाली सरकव.

भरवतानाही आधी दुमड! खुर्चीत कुल्ले पार मागे, कंबर आणि गुडघे काटकोनात, तळव्यांखाली पाट. पाय लोंबकळले की तो पुढे घसरतो, मान मागे पडते आणि घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. हनुवटी जराशी खाली, चमचा समोरून. भाकरी आमटीत भिजवून गुठळी न ठेवता कुस्कर. कोरड्या शेंगाचटणीने ठसका लागतो, दह्यात कालवून दे. जेवल्यावर अर्धा तास बसताच ठेव.

तेल लावून मोरीत नेणं आजपासून बंद. ओल्या शहाबादी फरशीवर निसरडं लेकरू कडेवर म्हणजे दोघंही पडणार. तेल अंघोळीनंतर लाव. मोरीत पाठीची बुटकी खुर्ची ठेव, पट्टा बांध, मगच पाणी घे.

तो 18 किलोचा झालाय. लांबवलेल्या हातांवर तेवढंच वजन मणक्याला कितीतरी जड पडतं. 20 किलोच्या पुढे एकटीने उचलायचं नाही, दोघांनी उचलायचं. 'आईला एवढंही जमत नाही?' असं कोणी म्हटलं तर म्हणू दे. लेकरापेक्षा आईच्या कमरेचीच मला काळजी, असं माझ्याबद्दलही बोलतात. बोलोत. तुझी कंबर गेली तर त्याला कोण उचलणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी हंडे नवऱ्याने भरावेत. कारखान्यातली पाळी पुढे-मागे करून घेऊ दे. कंबरेतली कळ पायात उतरली किंवा मुंग्या आल्या, तर मलम चोळत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव.

त्याचा एक पाय फाकवताना अडतो, लंगोटाच्या वेळी तो रडतो, असं तू सहज बोलून गेलीस. ते सहज सोडायचं नाही. चालता न येणाऱ्या सीपीच्या मुलाचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकू शकतो, आणि सुरुवातीला दुखतही नाही. याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा, दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढून घे. पुढचा कधी काढायचा तेही तिथेच विचारून लिहून ठेव.

शनिवारी येताना नवऱ्याला आण, सासूबाईंनाही आण. तू साडी नको, पंजाबी ड्रेस घाल. गुडघा टेकायचा आहे. तिघांकडून करून घेणार आहे.

तुझी
मावशी