वाचक विचारतात : जखम भरायला शरीर आधी तोडतं कशाला?

प्रश्न : पायावरची जखम भरत होती तेव्हा तिच्या तळाशी लाल दाणेदार मांस दिसायला लागलं, डॉक्टर म्हणाले छान, नव्या रक्तवाहिन्या येतायत. मग वाचनात आलं की या रक्तवाहिन्यांच्या पेशी आजूबाजूचं कोलॅजन (मांस धरून ठेवणारं धाग्यांसारखं प्रथिन) तोडणारी एन्झाइम्स वापरतात. जोडायचंय तिथेच तोडायचं? आणि ती एन्झाइम्स सगळं मांसच का खाऊन टाकत नाहीत?

उत्तर : प्रश्न भारी आहे, आणि गोम सगळी त्याच्या दुसऱ्या भागात आहे.

केशवाहिनी ही सगळ्यात बारीक रक्तवाहिनी, म्हणजे एंडोथेलियल नावाच्या पेशींचा एकच थर, आणि त्याच्याभोवती कोलॅजन-४ (कोलॅजनचाच एक प्रकार) आणि लॅमिनिन या प्रथिनांचं घट्ट अस्तर. जखमेत ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, ते जाणवलं की एखादी एंडोथेलियल पेशी पुढाकार घेते आणि बाकीच्या तिच्या मागून येतात, पण बाहेर पडायचं तर आधी स्वतःचंच अस्तर फोडायला हवं ना, मग पुढे रक्ताच्या गुठळीतलं फायब्रिन, मग कोलॅजनचे धागे. वाट केल्याशिवाय नवी नळी जाणार कुठून. शिवाय या धाग्यांच्या जाळीत व्हीईजीएफसारखी प्रथिनं अडकून बसलेली असतात, जाळी तुटली की तीही मोकळी होतात. म्हणून तोडणं हा जोडण्याचाच भाग.

तोडणारी ही मंडळी म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज, थोडक्यात एमएमपी. माणसात साधारण दोन डझन प्रकार आहेत आणि प्रत्येकाच्या गाभ्यात झिंकचा अणू. पहिलं सापडलं १९६२ साली, जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना, तेही जखमेत नाही तर बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत! पिल्लू मोठं होताना शेपटी नाहीशी होते, मग तिच्यातलं कोलॅजन जातं कुठे, असा त्यांचा प्रश्न होता.

आता कंट्रोल. बहुतेक एमएमपी बंद अवस्थेतच तयार होतात, रेणूचाच एक तुकडा त्या झिंकला झाकून बसलेला असतो, तो तुकडा कापला गेला की एन्झाइम चालू. पण एंडोथेलियल पेशीची खरी हुशारी एमटी१-एमएमपी मध्ये आहे. हे एन्झाइम ती बाहेर सोडतच नाही, कात्री हातालाच बांधून ठेवावी तसं स्वतःच्या पृष्ठभागावर रोवून ठेवते, आणि तेही जास्त करून पुढच्या टोकाला, त्यामुळे जिथे पेशी पोचली तिथेच काप बसतो.

याच्याही पुढची गंमत म्हणजे टिम्प-२. टिम्प हे एमएमपीला थांबवणारं प्रथिन, पण इथे ते मधला दुवा होतं. एका एमटी१-एमएमपीला टिम्प-२ चिकटतं, टिम्प-२ च्या दुसऱ्या टोकाला बंद एमएमपी-२ येऊन बसतं, आणि शेजारचं मोकळं एमटी१-एमएमपी त्याचं झाकण कापतं. म्हणजे थांबवणारं प्रथिन थोडं असेल तर काम सुरू, भरपूर झालं तर शेजारी मोकळं कोणी उरतच नाही आणि काम बंद. मला तर हा या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

नळी तयार झाली की पेरिसाइट नावाच्या पेशी येऊन तिला बिलगतात आणि टिम्प-३ देतात, एंडोथेलियल पेशी टिम्प-२ देतात, दोन्ही मिळून नळी स्थिर होते. कोलॅजन-१८ तुटून एंडोस्टॅटिन नावाचा तुकडा सुटतो, तोही नव्या वाहिन्यांची वाढ रोखतो, म्हणजे तोडण्यातूनच थांबण्याचाही निरोप मिळतो.

प्रश्न : घरात एकांना मधुमेह आहे, जखम महिनोन्महिने भरत नाही. ही एन्झाइम्स बंद करणारी गोळी नसते का?

उत्तर : अशा रेंगाळलेल्या जखमांच्या स्रावात एमएमपी जास्त आणि टिम्प कमी सापडतात हे खरं, आणि मग नवीन जाळी टिकत नाही, वाढीला मदत करणारी प्रथिनंसुद्धा कापली जातात. पण सरसकट बंद करणं हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. मधुमेही उंदरांच्या जखमांत एमएमपी-९ नुकसान करताना दिसलं आणि एमएमपी-८ भरायला मदत करताना, मग सगळ्यांना एकाच गोळीत कसं गुंडाळणार? मॅरिमास्टॅट नावाचं सरसकट एमएमपी बंद करणारं औषध कॅन्सरसाठी तपासलं गेलं, तिथे फायदा सिद्ध झाला नाही आणि सांधे-स्नायू मात्र दुखायला लागले. डॉक्सिसायक्लिनचा अगदी कमी डोस, २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एमएमपी दाबण्यासाठी वापरतात, पण तो हिरड्यांच्या आजारासाठी, म्हणून मनाने सुरू करू नका. साखर, पायावरचा दाब, इन्फेक्शन आणि पायाचा रक्तपुरवठा या गोष्टी आधी दाखवून घ्या, प्लीज.

प्रश्न : जखम भरली तरी व्रण इतके दिवस लाल का?

उत्तर : गरजेपेक्षा जास्त केशवाहिन्या उगवलेल्या असतात, त्या हळूहळू आटतात तसा रंग उतरतो. आतमध्ये एमएमपी कोलॅजन-३ काढत राहतात आणि त्या जागी कोलॅजन-१ येतं, हे वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतं, तरी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच जाते.