पप्पा पाळकसाहेबांना नावे ठेवतात, मग मी बोललो तर पाप कसे?

“आमचे घर अहिल्यानगरचे. यजमान आमच्या चर्चच्या मंडळीत पंच आहेत. तेरा वर्षांचा मुलगा अलीकडे प्रत्येक गोष्टीला उलट बोलतो, कौटुंबिक प्रार्थनेत मुद्दाम डोळे उघडे ठेवून बसतो. वर्गात शिक्षिकेला उद्धटपणे उत्तर दिल्याची तक्रार आली, त्या दिवशी यजमानांनी पट्टा काढला. ‘छडी आवरणारा मुलाचा वैरी असतो’ हे वचन ते मला दाखवतात. सासूबाई नातवाला पाठीशी घालतात. रात्री मुलगा मला म्हणाला, ‘पप्पा दर रविवारी जेवताना पाळकसाहेबांना नावे ठेवतात, मग मी टीचरला बोललो तर पाप कसे?’ मला उत्तर देता आले नाही. मी नवऱ्याची बाजू घ्यावी की मुलाची?”
— एक भगिनी

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा मुलाच्या त्या प्रश्नापाशीच थांबले. त्याचे वागणे चुकले आहे, यात शंका नाही. शिक्षिकेची क्षमा त्याने मागितलीच पाहिजे. पण त्याचा प्रश्न खरा आहे, आणि खऱ्या प्रश्नाला पट्ट्याने उत्तर दिले की मूल गप्प होते एवढेच. प्रश्न त्याच्या मनात तसाच राहतो आणि पुढे सोळाव्या-सतराव्या वर्षी ते मूल घराबरोबर मंडळीलाही पाठ दाखवते. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या बायबल-वर्गात, शिकवताना अशी मुले मी पाहिली आहेत, म्हणून हे काळजीने लिहीत आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, आठवा. आपला चाकर बरा व्हावा म्हणून तो येशूकडे आला, आणि आपल्या अधिकाराविषयी बोलताना आधी काय म्हणाला, तर मी स्वतः दुसऱ्याच्या ताबेदारीत आहे. त्यानंतर आपल्या हाताखालच्या शिपायांचा विषय काढला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. जो स्वतः कोणाच्या तरी आज्ञेत आहे, त्याचीच आज्ञा मुलाला समजते. तुमचे यजमान देवाच्या आणि मंडळीच्या आज्ञेत कसे राहतात, हे तुमचा मुलगा रोज पाहतो आहे, आणि रविवारच्या जेवणाच्या ताटावर त्याला जे ऐकू येते त्यातून तो शिकला आहे की वरच्या माणसाचा मान त्याच्या समोर असेपर्यंतच राखायचा असतो. शिक्षिकेपुढे त्याने तेवढाही राखला नाही, हाच काय तो फरक.

आता त्या वचनाविषयी. ते ज्यातले आहे त्या बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या लेखकांना मार मुळीच अभिप्रेत नव्हता, असे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. तेविसाव्या अध्यायात तो स्पष्ट आहे. परंतु यजमान दाखवतात त्या तेराव्या अध्यायातल्या वचनात ‘छडी’साठी जो इब्री शब्द आहे, तोच शब्द तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातातल्या साधनासाठी आला आहे, आणि तिथे दावीद म्हणतो की त्याने मला धीर येतो. आपल्या नगरकडच्या रस्त्यांवरून धनगरांचे कळप जाताना तुम्ही पाहिलेच असतील. समोरून ट्रक आला की धनगर काठी आडवी धरतो, कोकरू त्या काठीला अंग घासून कडेला वळते, आणि काठी पाठीवर पडतच नाही. शिवाय प्रेषित पौलाने इफिस शहरातल्या मंडळीला पत्र लिहिले ते अशा काळात, जेव्हा रोमी कायद्याने बापाला मुलांवर जवळजवळ अमर्याद अधिकार दिलेला होता. त्या काळात मुलांना ‘आज्ञेत राहा’ असे सांगितल्यावर लगेच तो बापांकडे वळून, मुलांना चिरडीस आणू नका, असे बजावतो. यजमानांना ही दोन्ही वचने शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. जे शिक्षिकेलाही करता येत नाही ते ख्रिस्ती बापाने घरी करावे, हे मला पटत नाही. पट्टा आजपासून बंद झाला पाहिजे, आणि एवढ्या एका बाबतीत तुम्ही मुलाच्या बाजूने ठामपणे उभ्या राहा.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या घरी कंदिलाची काच फुटली. माझे वडील शाळामास्तर होते, शिस्तीचे कडक. माझ्याच हातून फुटली असे समजून त्यांनी मला थोबाडीत दिली. नंतर आईने सांगितले की वाऱ्याने खिडकीचे दार आपटले होते. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो तेव्हा शास्त्र उघडण्याआधी ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “आज मी माझ्या मुलीवर अन्याय केला. प्रभू मला क्षमा करो, आणि तूही कर.” आई खाली मान घालून काच नसलेल्या कंदिलाची वात उगाचच सारखी करत राहिली. त्या दिवसानंतर वडिलांचा शब्द मोडायला माझी जीभ कधी वळली नाही.

आणखी एक गोष्ट आपण मराठी ख्रिस्ती लोक सहज विसरतो. आपल्या पूर्वजांपैकी अनेकांनी ख्रिस्ताला स्वीकारले ते घरच्या वडीलधाऱ्यांचा शब्द मोडून. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरावर आभाळ कोसळले होते, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांच्या वाटेवर यायला पुढे काही वर्षे लागली. येशूचा शिष्य पेत्र यानेही यहुदी न्यायसभेपुढे सांगितले की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. म्हणून ‘मोठे सांगतील ते मुकाट्याने ऐकायचे’ एवढेच मुलांना शिकवू नका. एखादा मोठा माणूस, मग तो शिक्षक असो, नातेवाईक असो की मंडळीतला कोणी असो, अंगाला नकोसा स्पर्श करू लागला तर नाही म्हणण्याचे आणि घरी येऊन सांगण्याचे बळ त्याच मुलात असले पाहिजे, ज्याला आपण मान राखायला शिकवतो.

यजमानांशी बोला, पण मुलांसमोर नव्हे आणि सासूबाईंसमोरही नव्हे. त्यांना दोष देत सुरुवात करू नका. मुलाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत त्यांच्या कानावर घाला आणि थोडा वेळ काही बोलू नका. पाळकसाहेबांच्या उपदेशाविषयी त्यांचे खरोखर काही म्हणणे असेल, तर पंच म्हणून ते पाळकसाहेबांच्या घरी जाऊन सांगण्याचा त्यांना हक्कच आहे, आणि जमल्यास त्या वेळी मुलाला सोबत न्यावे, म्हणजे मतभेद असतानाही माणूस किती नम्रपणे बोलू शकतो हे त्याला दिसेल. सासूबाईंना एवढेच सांगा की त्यांनी नातवाला जवळ जरूर घ्यावे, मात्र त्याच्या देखत त्याच्या बापाचा शब्द खोडू नये.

प्रार्थनेत डोळे मिटले की नाही यावर पहारा ठेवणे सोडून द्या. आठवड्यातून दोन दिवस वाचनाचा अध्याय त्यालाच निवडू द्या आणि मोठ्याने वाचू द्या. उद्धटपणाची शिक्षा मात्र टाळू नका: मोबाईल काही दिवस बंद, आणि शिक्षिकेला स्वतःच्या हाताने लिहिलेले क्षमेचे पत्र. ते पत्र द्यायला शाळेत त्याच्याबरोबर त्याचे वडील जावेत. शिक्षिकेच्या टेबलापाशी त्याला एकट्याला पुढे करून त्यांनी दारात थांबू नये. त्याच्या शेजारी उभे राहावे, आणि तो बोलून झाल्यावर घरात आपलीही चूक झाली हे त्यांनी बाहेर व्हरांड्यात त्याला सांगावे.

तुमची,
ताई