‘तेव्हा मी ओरडलो का नाही, मॅडम?’

सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या पुरुषांकडून ऐकलाय, की आता तो येण्याआधीची चुळबुळही ओळखू येते. लहानपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाला, हे सांगायला म्हणून सहसा कुणी येत नाही. झोप लागत नाही, पिणं वाढलंय, लग्नाचा विषय निघाला की घरात भांडण, असली तक्रार घेऊन येतात. खरी गोष्ट निघते ती उठून जाताना, दाराशी.

विजय (नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत) मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात कामाला. वय ३४, अंगानं पैलवान. बायकोनंच आणलं होतं. ती जवळ आली की हा उठून सोप्यात जाऊन झोपायचा. बऱ्याच भेटी झाल्यावर बोलला. पाचवीत असताना शाळेसाठी नातेवाइकांकडे राहायला होता. तिथला मोठा चुलतभाऊ. वर्षभर चाललं.

“म्हणून तर तालमीत गेलो,” तो म्हणाला. “परत कुणाची हात लावायची टाप होऊ नये म्हणून. पण आतलं काय जाईना. सोडवून घेता आलं असतं की मला. आणि...” इथं तो बराच वेळ अडला. “अंगाला बरं वाटल्यागत झालेलं एक-दोनदा. म्हणजे मलाबी पाहिजे होतं का?”

पुरुष गप्प राहतात ते बहुतेक या शेवटच्या प्रश्नापायी. म्हणून स्पष्टच लिहिते. स्पर्श झाला की शरीर जो प्रतिसाद देतं तो मज्जारज्जूतूनही येऊ शकतो. त्याला मनाची परवानगी लागत नाही, भीती वाटत असतानाही तो येतो. त्यावरून संमती ठरत नाही, आणि आपल्याला पुरुष आवडतात की स्त्रिया हेही ठरत नाही. भीतीनं अंग गोठणं, आवाज न फुटणं, हेही असंच आपसूक घडतं.

हे सगळं विजयला सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण पटलं नव्हतं. नुसत्या माहितीनं निकाल बदलत नाही, हिशेब ज्याचा त्यानं मांडावा लागतो. पुढच्या खेपेला विचारलं, “पाचवीत तुमचं वजन किती होतं?”

“असंल अठ्ठावीस-तीस किलो.”

“आणि त्याचं?”

“तो कॉलेजात. सत्तर तरी.”

“मैदानात अशी जोड लावतील?”

आधी तो हसलाच. “कोण लावंल? पंचच उभं राहू देणार नाही.” मग हसू गेलं. “जोडच नव्हती,” तो म्हणाला. परत एकदा म्हणाला. “आणि मी इतकी वर्षं हरलो म्हणून बसलोय.”

त्या दिवशी मी पुढं काही बोलले नाही. गरजच नव्हती. अकरा वर्षांच्या पोराला इतकी वर्षं हा चौतिशीतला पैलवान जाब विचारत होता, स्वतःच्या आजच्या ताकदीनं त्याला मोजत होता. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराची. घटनेइतकाच तिच्यावरून आपण स्वतःवर ठोकलेला शिक्का छळतो, असं मानणारी. जखम खरी आहे आणि दोष करणाऱ्याचाच. पण शिक्का आजही पुसता येतो. ‘विसरून जा, गड्यासारखा गडी तू’ म्हणणाऱ्यांनी तो उलट गडद केलेला असतो.

‘असं आपल्याच बाबतीत घडलं’ असं वाटणाऱ्यांसाठी एक आकडा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते.

आणखी एक भीती कानावर येते: ‘मीही पुढं तसाच वागेन.’ या धास्तीनं काही बाप स्वतःच्या लेकरांना कडेवर घेत नाहीत. अत्याचार सोसलेले बहुसंख्य पुरुष कधीच कुणावर अत्याचार करत नाहीत. लेकरांना घ्या.

बायकोला सांगायचं का? विजयनं सांगितलं, तपशील वगळून. तपशील देणं बंधनकारक नाही. ऐकणाऱ्यानं मात्र ‘तेव्हाच का नाही बोललास?’ हे विचारू नये. तो प्रश्न त्यानं स्वतःला हजारदा विचारलेला असतो. ‘तुझी चूक नव्हती’ एवढं पुरतं. त्यांचा संसार रुळायला वेळ लागला. मागं-पुढं होत राहिलं, पण सोप्यातली वाकळ आत आली.

विजयच्या लहानपणी पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, नव्हता, तो २०१२चा. तक्रार करायची की नाही, हे मी त्याच्यावर सोडलं. त्यानं स्वतःच्या भावाला मात्र फोन करून सांगितलं, की मेच्या सुट्टीत पुतण्याला त्या घरी पाठवायचं नाही, आणि का ते. पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. आज अठरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाबाबत असं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. मोठ्यांना स्वतःसाठी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.