कानावरच्या नूडल्स इंग्रजीत न्यायच्या का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका रशियन एकांकिकेचे संवाद इंग्रजीत करायचेत आणि तीन ठिकाणी गाडी अडलीय. एक पात्र म्हणतं 'दा न्येत, नव्येर्नये', ज्याचा शब्दशः अर्थ 'हो नाही बहुतेक' असा लागतोय. दुसरं म्हणतं 'माझ्या कानांवर नूडल्स टांगू नकोस'. आणि परीक्षेला निघालेल्या मुलीला मैत्रीण म्हणते 'ना पीस ना पंख', त्यावर ती मुलगी म्हणते 'सैतानाकडे जा'. विचारणं असं आहे की ही चित्रं इतकी मजेदार आहेत तर तशीच ठेवावीत, की त्यांच्या जोडीच्या इंग्रजी म्हणी शोधाव्यात?

माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा दोन्ही नको. आधी एवढंच बघायचं की बोलणाऱ्या रशियन माणसाला ते चित्र दिसतं का. आपण रोज म्हणतो 'थापा मारू नकोस', त्यात कोणाला हाताची थाप दिसते? 'त्याचा मामा बनवला' म्हणताना आईचा भाऊ कोणाच्या मनात येतो? नूडल्सचं अगदी तसंच आहे, 'व्येशत् लाप्शू ना ऊशी' हे रशियनमध्ये इतकं घासून गुळगुळीत झालंय की ऐकणाऱ्याला त्यातून फक्त 'खोटं सांगू नकोस' एवढंच ऐकू येतं. आता इंग्रजीत 'डोन्ट हँग नूडल्स ऑन माय इअर्स' लिहिलंत की प्रेक्षक हसणार, आणि जे पात्र चिडून बोलतंय ते उगाच विनोदी होऊन बसणार. म्हणजे शब्द सगळे बरोबर आणि माणूस चुकीचा.

बरं मग इंग्रजी म्हण टाकू म्हटलं तर पहिल्यांदा सुचते 'यू आर पुलिंग माय लेग', आणि ती इथे चालत नाही कारण पाय ओढणं म्हणजे थट्टा, आणि नूडल्स म्हणजे थट्टा नाही, सरळ फसवायला सांगितलेलं खोटं. 'पुल द वूल ओव्हर माय आइज' अर्थाने जवळ आहे पण ते जरा पुस्तकी वाटतं आणि त्यात आखून केलेल्या मोठ्या फसवणुकीचा वास येतो. 'बुलशिट' म्हणाल तर ती शिवी झाली, रशियन वाक्प्रचार बोलीतला आहे पण घाण नाही, आईसमोर बोलता येतो. म्हणून मी तिथे साधं 'ओह कम ऑन, डोन्ट गिव्ह मी दॅट' ठेवेन. त्यात चित्र काहीच नाही पण राग तेवढाच आहे, आणि इंग्रजी माणूस त्या क्षणी खरंच असं बोलतो. अजून एक बघून घ्या, मूळ वाक्यात 'टांगू नकोस' आहे की 'टांगू नका'? रशियनमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे, इंग्रजीत ते उडून जातं, त्यामुळे समोर वडीलधारं किंवा साहेब असेल तर वाक्याचा सूर खाली आणून ती अदब भरून काढावी लागते, 'आय फाइंड दॅट हार्ड टू बिलीव्ह' असं काहीतरी.

चित्र सांभाळायचं एकाच वेळी, जेव्हा लेखक स्वतः त्या चित्राशी खेळतो. म्हणजे पुढच्या ओळीत दुसरा म्हणाला की 'मग झटक ना कान', तर आता नूडल्स जिवंत झाल्या आणि त्या सोडून चालणार नाही. अशा वेळी नूडल्सच नेल्या पाहिजेत असं मात्र नाही, खेळ नेला पाहिजे. उदाहरणार्थ 'स्टॉप फीडिंग मी दॅट', त्यावर 'व्हाय, यू'व्ह बीन स्वॉलोइंग इट फॉर इयर्स'. भरवणं आणि गिळणं, जोडी जमली, दोन्ही शब्द इंग्रजीत खोटं सांगणं आणि त्यावर विश्वास ठेवणं यासाठी रोज वापरले जातात.

चित्र शब्दशः नेलं की काय होतं याची सर्वात मोठी उदाहरणं तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चॉव्ह याची आहेत. माणूस भाषणात म्हणी भरभरून वापरायचा आणि दुभाष्यांचे हाल व्हायचे. 1959 मध्ये मॉस्कोत अमेरिकन प्रदर्शन भरलं होतं, तिथे अमेरिकेचा तेव्हाचा उपाध्यक्ष निक्सन याच्याशी बोलताना त्याने 'कूझ्काची आई दाखवू' अशी धमकी दिली. आता कूझ्का हे कुझ्मा या नावाचं लाडाचं रूप, आणि 'कूझ्काची आई दाखवणं' म्हणजे 'बघून घेऊ, इंगा दाखवू'. पण इंग्रजीत ती बाई जशीच्या तशी गेली आणि ऐकणाऱ्यांना प्रश्न पडला की ही कोण आणि हिला बघायचं कशाला. पुढे 30 ऑक्टोबर 1961 ला सोव्हिएत युनियनने उत्तर ध्रुवाकडच्या नोवाया झेम्ल्या बेटांवर साधारण 50 मेगाटनचा अणुबॉम्ब फोडला, त्यालाही लोक कूझ्काची आईच म्हणायला लागले. खरं तर 'वी'ल शो यू व्हॉट्स व्हॉट' एवढ्यात काम झालं असतं.

त्याहून गंभीर प्रकरण 18 नोव्हेंबर 1956 चं. मॉस्कोतल्या पोलिश वकिलातीत समारंभ होता, समोर पाश्चात्य राजदूत, आणि ख्रुश्चॉव्ह म्हणाला 'म्यी वास पखारोनिम'. दुभाषी व्हिक्टर सुखोद्रेव, त्याने इंग्रजी केलं 'वी विल बरी यू'. शब्दाला शब्द बरोबर आहे, कोणी चूक काढू शकत नाही. पण इंग्रजीत 'तुला पुरेन' म्हणजे ठार मारेन, आणि रशियनमध्ये कोणाला पुरणं म्हणजे त्याच्या अंत्ययात्रेला हजर असणं, त्याच्यापेक्षा जास्त जगणं असाही अर्थ निघतो. त्याआधीचंच वाक्य होतं की तुम्हाला आवडो न आवडो, इतिहास आमच्या बाजूने आहे. म्हणजे मार्क्सवाद्यांचा नेहमीचा मुद्दा, भांडवलशाही आपली कबर खोदणारे स्वतःच तयार करते. 'वी'ल आउटलास्ट यू' म्हटलं असतं तर वाक्य उर्मट राहिलं असतं पण अणुयुद्धाची धमकी झालं नसतं. 1963 मध्ये युगोस्लाव्हियात ख्रुश्चॉव्हने स्वतः खुलासा केला की आम्ही काही फावड्याने पुरणार नाही, तुमचाच कामगारवर्ग तुम्हाला पुरेल. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की मराठीत याला तयार वाक्य आहे, 'आम्ही तुम्हाला पुरून उरू'! आपलं पुरणं इथे गाडण्याचं नाही, भागण्याचं आहे, पण अर्थ नेमका तोच लागतो. आणि कोणी याचंही इंग्रजी 'तुम्हाला गाडून आम्ही शिल्लक राहू' असं केलं तर पुन्हा तोच घोळ.

बाकी जिथे जोडी आयती मिळते तिथे खुशाल घ्यावी. 'डोंगरावर खेकडा शिट्टी मारेल तेव्हा', म्हणजे कधीच नाही, याला 'व्हेन पिग्ज फ्लाय' मस्त बसतं (खेकडा आपला म्हणायला, खरं तर तो गोड्या पाण्यातला क्रेफिश, आणि त्याच 'राक' शब्दाचा दुसरा अर्थ कर्करोग, त्यामुळे मशीनकडून भाषांतर करून घेतलंत तर एकदा नीट वाचा). पण बोलीभाषेतल्या इंग्रजीचा खरा जीव अशा रंगीत म्हणींपेक्षा त्या छोट्या छोट्या क्रियापदांच्या जोड्यांत असतो, गेट अराउंड, पुट अप, कम अप वगैरे. रशियन म्हणतो 'रूकी नी दखोद्यात', हात पोचत नाहीत, म्हणजे करायचंय पण अजून जमलं नाही. इंग्रजीत 'आय जस्ट हॅव्हन्ट गॉट अराउंड टू इट'. कुठेही हात नाही, म्हण नाही, आणि तरी वाक्य शंभर टक्के बोलीतलं. 'पहिला ब्लीन (रशियन पॅनकेक) गोळा होतो' हेही तसंच, घावन घालणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही, इंग्रजीत 'द फर्स्ट वन्स ऑल्वेज अ मेस' पुरे. गंमत म्हणजे नुसतं 'ब्लीन!' असं कोणी ओरडलं तर ते पॅनकेकबद्दल नसतं, ती एका शिवीची सौम्य केलेली आवृत्ती आहे, तिथे 'डॅम' किंवा लहान मूल असेल तर 'शूट'.

आता 'दा न्येत, नव्येर्नये'. हे मराठी माणसाला खरं तर इंग्रजी माणसापेक्षा पटकन कळायला हवं, कारण आपण 'नाही हो' म्हणतो आणि त्यातला हो म्हणजे येस नसतो. तसंच इथला 'दा' होकाराचा नाही, तो नुसता पुढच्या 'न्येत'ला टेकू देतो, 'छे, नाही' असा. 'नव्येर्नये' म्हणजे बहुतेक, त्याने नकार जरा मऊ होतो. तर सगळं मिळून उत्तर नाहीच आहे, फक्त दार किंचित उघडं ठेवलंय, कोणी अजून एकदा आग्रह केला तर कदाचित. 'नाह, आय डोन्ट थिंक सो' किंवा 'प्रॉबब्ली नॉट'. प्लीज 'येस नो मेबी' करू नका, ते पात्र गोंधळलेलं नाहीये.

राहिला 'नि पूखा, नि पिरा', म्हणजे ते 'ना पीस ना पंख'. ही मूळ शिकाऱ्यांची शुभेच्छा, उलटी, दृष्ट लागू नये म्हणून 'काही मिळू नये तुला' असं म्हणायचं. आणि त्याला 'थँक यू' म्हटलं तर अपशकुन, म्हणून उत्तर ठरलेलं, 'क चोर्तू', सैतानाकडे. अडचण पहिल्या ओळीची नाहीच, अडचण दुसरीची आहे. 'ब्रेक अ लेग' उलटी शुभेच्छा म्हणून जवळची आहे पण ती नाटकवाल्यांची, परीक्षेच्या सकाळी ऐकायला विचित्र वाटते, आणि तिला ठरलेलं उत्तर नाही. मुलीने 'गो टू हेल' म्हटलं तर प्रेक्षकांना वाटेल दोघींचं भांडण झालंय. या दोन ओळींचं काम काय आहे, तर परीक्षेची भीती आणि त्यावर दोघींनी मिळून केलेला छोटासा तोडगा. मी असं करेन: मैत्रीण म्हणते 'गुड लक', आणि मुलगी घाईघाईने 'श्श, डोन्ट जिंक्स इट!' सैतान गेला, पण अपशकुनाची भीती राहिली, आणि थँक यू न म्हणण्याचं कारणही आपोआप कळलं. नटीला सांगा की ही ओळ बॅग खांद्यावर टाकत टाकत म्हणायची, थांबून नाही, कारण रशियन मुलगीही ती अशीच जाता जाता म्हणते.