शब्दशंका : 'रीक्ड' की 'रॉट'?

प्रश्न : वादळाच्या इंग्रजी बातम्यांत 'हाहाकार माजवला' या अर्थी कधी 'रीक्ड हॅवक' (wreaked havoc) वाचतो, कधी 'रॉट हॅवक' (wrought havoc). बरोबर कोणते? आणि या 'रीक'चा मूळ अर्थ काय?

उत्तर : मुद्रितशोधनात आयुष्य गेले, त्यामुळे 'रॉट' दिसला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. मी 'रीक्ड'च ठेवतो. कोशकार माझ्याइतके हट्टी नाहीत, ते दोन्ही चालवून घेतात. पण 'रॉट' हे 'वर्क'चे जुने भूतकाळी रूप. घडीव लोखंडाला 'रॉट आयर्न' म्हणतात ते त्यामुळेच. 'रीक' वेगळ्या कुळातला. दोघांच्याही तोंडाशी मुका डब्ल्यू, म्हणून गल्लत होते एवढेच.

जुन्या इंग्रजीत 'रीक'चे रूप 'व्रेकान'. अर्थ हाकलणे, पिटाळणे. शिवाय शिक्षा करणे, सूड घेणे. आपण सूड 'उगवतो', इंग्रज तो 'रीक' करतात. नुकसान, विध्वंस 'घडवणे' हा अर्थ मागाहून आला, पण जुना डूख गेला नाही. 'कॉज'ने बरेवाईट काहीही घडवता येते. 'रीक'च्या पुढे सुख किंवा प्रगती लिहून पाहा, वाक्य लगेच खटकेल.

मला खरी गंमत वाटते ती त्याच्या भावंडांची. देशोधडीला लागलेल्या माणसाला जुन्या इंग्रजीत 'व्रेका' म्हणत. इंग्रजीत त्याचा झाला 'रेच', म्हणजे दीनवाणा, अभागी. त्याच मुळाचा जर्मन शब्द 'रेके', आणि त्याचा अर्थ शूर योद्धा! घरदार सुटलेल्याची एका भाषेने कीव केली, दुसरीने त्याच्या हाती तलवार दिली.

'हॅवक'ही साधा नाही. ती लुटीची आरोळी होती. ती उठली की सैनिकांना रान मोकळे. १३८५ साली इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डच्या सैन्यासाठी नियम झाले, त्यांत ही आरोळी ठोकणाऱ्याला शिरच्छेदाची शिक्षा सांगितली आहे. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनी सीझरच्या प्रेतापाशी बोलताना हीच आरोळी आणतो.

उच्चार मात्र 'रीक' असाच करा. 'रेक हॅवक' म्हणणारे पुष्कळ भेटतात, अगदी वृत्तनिवेदकसुद्धा; पण 'रेक' म्हणजे फुटलेले जहाज किंवा मोडतोड झालेली गाडी. तेही याच गोतावळ्यातले, तरी इथे नको.